गाडीची चावी आहे की आंब्याचा बाठा?

बंदरावरचा_बंड्या
नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी जुनी गाडी काढली आणि नवी घेतली, बटण दाबून चालू होणारी. गाडी झकास आहे, तक्रार चावीबद्दल आहे. जुनी चावी शर्टाच्या खिशात पेनाशेजारी पडून असायची, आहे की नाही तेही कळायचं नाही. ही नवी म्हणजे चोखून टाकलेला हापूसचा बाठा. तसाच फुगीर, तसाच गुळगुळीत आणि हातातून तसाच सटकतो. बर्मुडा घालून दुकानात जायचं म्हटलं तर एका बाजूने बर्मुडा खाली यायला लागते, एक हात कायम कमरेला.

परवा पाहुणे आले, सगळी वरात समुद्रावर. आता पाण्यात जायचं तर ही वस्तू ठेवायची कुठे? भिजवायची नाही, वाळूत पुरायची नाही, चपलेत ठेवली तर कुत्रा चप्पल पळवतो (आमच्या किनाऱ्यावरचे कुत्रे ज्यांना माहीत आहेत ते हसणार नाहीत). शेवटी पावणेदोन तास मी चपलांची राखण करत बसलो. समुद्र माझ्या गावचा, गाडी माझी, आणि मीच कोरडा.

तर विचारायचं एवढंच, की तुम्ही ही चावी बाळगता कशी? आणि एवढी मोठी असायला आत असतं तरी काय?

कोकमआगळ
बर्मुडा नाडीवाली घे.

खाडीपलीकडची
बंड्याभाऊ, तुम्हाला निदान खिसा तरी आहे. आमच्या ड्रेसला खिसा नाही, साडीला तर नाहीच. माझ्या आज्जीच्या कमरेला चांदीचा छल्ला होता, त्यात कोठीची, फडताळाची, ट्रंकेची अशा सगळ्या किल्ल्या, चालली की आवाज यायचा आणि आम्ही पोरं खाऊच्या डब्यावरून हात काढायचो. आता हा बाठा छल्ल्यात अडकवून बघा, छल्ला राहील आणि निरी सुटेल.

म्हणून पर्समध्ये टाकते. त्याचीही एक गंमत झाली. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरायचं होतं, मागे गाड्यांची रांग, आणि माझी गाडी म्हणते चावी गाडीत नाही. अगं बाई, पर्स मांडीवर आहे! बोटीवरचा पोरगा शिट्ट्या मारतोय, मागचा हॉर्न मारतोय. पर्स पूर्ण उपसली तेव्हा चावी तळाशी, आणि तिच्यावर आईने दिलेला तळलेल्या सुरमईचा स्टीलचा डबा बसलेला. डबा बाजूला केला, लगेच गाडी चालू. याचं कारण कोणी सांगेल का? सुरमईचा काही संबंध नसावा.

सर्किट_दुरुस्ती
सुरमई निर्दोष आहे, डबा दोषी आहे. माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि हल्ली आठवड्याला एक तरी चावी येते टेबलावर, तर दोन्ही प्रश्नांना एकदमच उत्तर देतो.

चावी उघडली की आत एक नाण्यासारखा सेल दिसतो, बऱ्याच चाव्यांत सीआर २०३२. त्या आकड्यातच माप आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्टचा. मग बटणांची प्लेट, चिप, आणि एक छोटा चौकोनी ठोकळा ज्याच्यावर तीन दिशांना तांब्याची तार गुंडाळलेली. तीन दिशा का, तर चावी खिशात उभी पडेल, आडवी पडेल, पर्समध्ये उलटी पडेल, कशीही पडली तरी गाडीची हाक तिला ऐकू आली पाहिजे. आणि सगळ्यात जागा खातं ते पोटात लपवलेलं लोखंडी पातं. शेजारची छोटी कळ सरकवून ओढलं की बाहेर येतं. इथल्या निम्म्या लोकांनी ते अजून बघितलेलं नसेल, पैज लावतो.

काम कसं होतं, तर तुम्ही दाराच्या हँडलला हात लावलात की गाडी हळू आवाजात हाक मारते, १२५ किलोहर्ट्झच्या आसपास. ती हाक मुद्दाम मीटर-दीड मीटरपर्यंतच पोचते. चावी जागी होते आणि मोठ्या आवाजात ओ देते, आपल्याकडे साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर. हाक जवळची असल्यामुळेच चावी आत आहे की बाहेर हे गाडीला कळतं. ताईंच्या पर्समध्ये वर स्टीलचा डबा, खाली चावी, हाक डब्यावरच अडली.

आता आकार. सेल आणि पातं दोन्ही ठेवायचं तर फार बारीक करता येत नाही हे खरं. पण एवढं फुगवायचीही गरज नाही. मी उघडतो त्यातल्या काहींत चक्क रिकामी जागा असते. माझं मत विचाराल तर शोरूममध्ये हार घालून हातात देताना वजनदार वाटावी म्हणून ती तशी आहे.

घाटमाथ्यावरून
आम्हा पुणेकरांना हा प्रश्न नाही. पार्किंगची जागा जाईल म्हणून आम्ही गाडी हलवतच नाही, चावी घरात देवाजवळ असते.

शुद्धलेखन_मास्तर
चर्चा चांगली आहे, पण सगळेजण 'चावी' का म्हणताय? मराठीत 'किल्ली' हा शब्द आहे.

कोकमआगळ
मास्तर, पातं असतं ती किल्ली. बटणं असतात ती चावी. आणि जी पाण्यात टाकता येत नाही ती कटकट.

शुद्धलेखन_मास्तर
विनोद मान्य. पण माहिती म्हणून सांगतो, चावी हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, 'शावे' वरून. साबण, बादली, बटाटा हे त्याच गलबतातून उतरलेले. हापूससुद्धा, आफोन्सो वरून. तेव्हा बंड्याने चावीला हापूसचा बाठा म्हटलं ते भाषेच्या हिशेबाने अगदीच वावगं नाही, दोघांचं माहेर एकच.

बंदरावरचा_बंड्या
मास्तर, माझ्या हातून चुकून विद्वत्ता घडली, माफी असावी 🙏
@सर्किट, पातं खरंच आहे हो आत! दोन महिने गाडी वापरतोय, आज कळलं. बायको म्हणते मॅन्युअल वाचलं असतंस तर.

देवबागकार
माझ्या बापाशीची गजाल सांगतंय. बाबा घराकडे पंचो नेसतत. जुनी चावी ते कनवटीक मारीत, आयुष्यात कधी पडाक नाय. ही नवीनव तशीच कनवटीक मारल्यानी. माडाक पाणी लावूक वाकले आणि चावी सरळ पाटात! पाणी तिका घेवन चार माड पुढे. गावली, पण बटणा दाबली तर गाडी गप्प. बाबा वर माकाच म्हणतत, "जुन्या चावयेक काय धाड भरली होती?" आता काय सांगतलंस.

बाकीच्यांसाठी नीट मराठीत विचारतो, भिजलेली चावी वाचते का? तांदळात ठेवलेली, तीन दिवस. तांदूळ संपले, चावी तशीच.

सर्किट_दुरुस्ती
तांदूळ खा, चावी त्यात ठेवू नका. तांदळाने काही होत नाही, वर पिठूळ धूळ आत जाते. भिजली की पहिलं काम सेल काढायचा, त्याच क्षणी. सेल आत असताना ओलावा राहिला तर वीज चालू राहते आणि तांब्याच्या रेषा खायला लागते. पाटाचं गोडं पाणी असेल तर उघडून, पुसून, पंख्याखाली दिवसभर वाळवली तर बरेचदा वाचते. समुद्राचं पाणी असेल तर वेळ फार कमी. तेव्हा उलट वाटेल पण सेल काढून आधी गोड्या पाण्याने स्वच्छ धुवायची, मीठ गेलं पाहिजे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून वाळवायची. मीठ राहिलं की दोन दिवसांत हिरवा थर. माझ्याकडे मे महिन्यात येतात त्या बहुतेक अशाच, पर्यटकांच्या, उघडली की आतून वाळू पडते.

आणि तुमच्या बाबांना सांगा, बटणं मेली तरी गाडी चालू होऊ शकते. पात्याने दार उघडायचं आणि चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून ब्रेक दाबून चालू करायची. आतल्या एका चिपला सेल लागतच नाही, गाडीकडूनच तिला जवळून वीज मिळते, मेट्रोच्या कार्डासारखी. काही गाड्यांत बटणाऐवजी कपहोल्डरमध्ये नाहीतर कन्सोलमधल्या खाचेत ठेवावी लागते, ते मॅन्युअलात असतं. आधी एकदा घरच्या खळ्यात करून बघा, काशेडीत रात्री शिकायची ती गोष्ट नाही.

मुंबईकर_चाकरमानी
माझं ऐका, गेल्या गणपतीतलं. गाडी आणि कुटुंब गौरीविसर्जनापर्यंत गावाला ठेवून मी एकटा परत निघालो, ड्युटी. कणकवली स्टेशनला संध्याकाळी कोकणकन्या पकडायची, उशीर झालेला, तर गाडी चालूच ठेवून मी उडी मारून उतरलो, मेव्हणा पलीकडून स्टेअरिंगवर आला, टाटा बाय बाय. चावी माझ्या पँटच्या खिशात. गाडी म्हणे पीं पीं करत होती, मेव्हण्याला वाटलं सीटबेल्ट.

आता ती गाडी चालत राहते हो! चावी लांब गेली म्हणून इंजिन बंद पडत नाही, आणि ते बरोबरच आहे, घाटात मध्येच बंद पडलं तर काय होईल. पण एकदा बंद केलं की संपलं. मेव्हणा गेला पेट्रोल पंपावर, पंपवाला म्हणाला इंजिन बंद करा, याने आज्ञाधारकपणे केलं.

फोन आला तेव्हा मी राजापूर ओलांडत होतो. पंपावर चार माणसांनी गाडी ढकलून कडेला लावली, बायको, दोन पोरं, सासूबाई आणि पाच किलो साखर रिक्षाने घरी. चावी मी दुसऱ्या दिवशी वाशीला लक्झरीच्या ड्रायव्हरकडे दिली, पाकिटावर नाव आणि पंपाचं नाव लिहून. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी घरी. ड्रायव्हरने पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं, "चावीच आहे ना नक्की?" म्हटलं हो. म्हणाला, "केवढी ही."

सासूबाई अजून आरतीला माझ्याकडे बघत नाहीत.

घाटमाथ्यावरून
आणि दुसरी चावी?

मुंबईकर_चाकरमानी
डोंबिवलीला कपाटात. सुरक्षित.

चिपळूणचे_काका
दुसऱ्या चावीवरून सांगतो, तिला जपा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या साधारणपणे दोन्ही मूळ चाव्या मागतात, एक नसेल तर खुलासे देत बसावं लागतं. माझी एक चावी परशुरामाच्या पायऱ्यांवर कुठेतरी पडली, नवीन करायला साडेअकरा हजार आणि सतरा दिवस गेले. कोणत्या गाडीची ते सांगत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच आहे. विम्यात चावीसाठी वेगळा जोड मिळतो, पुढच्या वेळी एजंटला विचारा, स्वतःहून तो सांगणार नाही.

दुसरं. पुष्कळांच्या घरी चावी पुढच्या दाराशी खुंटीला असते आणि गाडी भिंतीपलीकडे खळ्यात. इतक्या जवळ असली की बऱ्याच गाड्यांत दोघांचं रात्रभर बोलणं चालू राहतं आणि सेल लवकर जातो. शिवाय चोरांचं नवं तंत्र म्हणजे दोघे येतात, एक दाराशी यंत्र धरून चावीची हाक-ओ पुढे ढकलतो, दुसरा गाडीशी. काच फोडायला नको. आपल्या वाडीत अजून ऐकलं नाही, पण खुंटी आतल्या खोलीत न्यायला पैसे पडत नाहीत.

खाडीपलीकडची
काका, आमच्या वाडीत अनोळखी दोघे आले तर आधी चार जणी विचारतात कोणाकडे आलात, मग चहा.

सर्किट_दुरुस्ती
काकांचं बरोबर. नव्या काही चाव्यांत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, पडून राहिली की ती झोपते. टोयोटाच्या चावीला झोपवायची युक्ती मॅन्युअलात दिली आहे, लॉक दाबून धरून अनलॉक दोनदा दाबायचं, दिवा चारदा लुकलुकतो.

कोकमआगळ
माझी चावी झोपत नाही, मीच झोपतो. जुलैत दुपारी जेवून झोपाळ्यावर आडवा झालो, चावी खिशात. अनलॉक दाबून धरलं की चारही काचा खाली येतात ही सोय कंपनीने उन्हाळ्यासाठी दिली आहे म्हणे. कुशीवर वळलो असेन. बाहेर धो धो. चार वाजता उठलो तर गाडीत पायाशी तळं, आणि पुढच्या सीटवर एक बेडूक, ड्रायव्हरच्या नाही, शेजारच्या.

नवरात्रापर्यंत त्या सीटवर बसलेला माणूस उठला की मागून ओला. वास अजून आहे.

बंदरावरचा_बंड्या
😂😂 बेल्ट लावला होता का बेडकाने

डॉक्टरीणबाई
हसण्यात एक गंभीर गोष्ट राहायला नको म्हणून लिहिते. चावीचा सेल बदललात की जुना टेबलावर ठेवू नका. लहान मूल तो गिळतं. २० मिलिमीटरचा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते, सेल 'संपलेला' असला तरीही. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघू नका, उलटी काढू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात, जिथे एक्सरे आणि दुर्बिणीची सोय आहे तिथे. हल्ली गावच्या घरांत पोरांना खेळायला चावीच देतात, म्हणून सांगते.

सर्किट_दुरुस्ती
धन्यवाद मॅडम. आता मी जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून डब्यात टाकतो. हल्ली पोरांनी थुंकावं म्हणून कडू लेप दिलेले सेल येतात, चांगली गोष्ट आहे, फक्त काही चाव्यांत त्या लेपामुळे कॉन्टॅक्ट मिळत नाही. नवा सेल घालूनही चावी मेलेली वाटली तर आधी ते बघा.

घाटमाथ्यावरून
मूळ प्रश्नाकडे यायचं का? बंड्याला पोहायचं आहे. जग्वारने २०१६ च्या एफ-पेसबरोबर मनगटावर बांधायचा रबरी पट्टा काढला होता, पाण्यात चालणारा, मोठी चावी गाडीतच ठेवायची. आपल्याकडे टाटाच्या अल्ट्रोझलाही मनगटी चावी होती. आणि रेनोच्या चावीचं तर कार्डच असतं, पाकिटात जातं.

चिपळूणचे_काका
आणि बीएमडब्ल्यूची चावी होती, तिला स्वतःचा टचस्क्रीन. चार्ज करावी लागते. म्हणजे आधी फोन, मग घड्याळ, मग चावी, आणि आमच्याकडे लाईट मंगळवारी नसते.

बंदरावरचा_बंड्या
माझ्याकडे यातलं काही नाही. आणि जग्वार शृंगारतळीच्या बाजारात लावू कुठे.

देवबागकार
थांब रे, माझ्याकडे उत्तर आहे, पण आधी किनाऱ्यावरची परिस्थिती ऐक. आमची पाण्यातल्या खेळांची टपरी आहे. मे महिन्यात लोक आमच्याकडेच चाव्या देतात, "दादा जरा ठेवा". एका पातेल्यात अकरा चाव्या, त्यातल्या पाच अगदी सारख्या. लोक पाण्यातून येतात, ओल्या हाताने एक एक दाबतात आणि कुठली गाडी ओरडते ते बघत बसतात. एकदा एक काका दुसऱ्याच्याच चावीने दुसऱ्याच्याच गाडीपर्यंत पोचले, आत बसून एसी लावला, मग म्हणतात सीटकव्हर कोणी बदललं.

तर लाटांवर फळी घेऊन जाणारा एक पोरगा दरवर्षी येतो. तो काय करतो, चावीतलं पातं काढून घेतो. उरलेली चावी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून डबा डिकीत, चटईखाली. मग दार पात्याने लावतो आणि फक्त ते पातं कमरेला बांधून पाण्यात. लोखंडाला समुद्राचं काय! आल्यावर गोड्या पाण्याने धुतलं की झालं.

खाडीपलीकडची
म्हणजे माझा सुरमईचा डबाच की!! शोध माझा आहे, नोंद घ्यावी.

सर्किट_दुरुस्ती
युक्ती बरोबर आहे, तीन गोष्टी बघा. झाकण प्लास्टिकचं नको. डब्यात चावी घालून डबा हातात धरा आणि हँडलला हात लावा, दार उघडलं तर डबा बदला. आणि काही गाड्यांत पात्याने लावलं की अलार्म चालू होत नाही, काहींत पात्याने उघडलं की तोच बोंबलतो, म्हणून घरी तालीम करा, दुसरी चावी हातात ठेवून. उन्हात बंद गाडीत तासन्‌तास ठेवू नका, सावलीत लावा.

कोकमआगळ
कमरेला कशाने बांधायचं पण? बर्मुडा परत आली मुद्द्यात.

चिपळूणचे_काका
करदोट्याला! आमचे आजोबा ट्रंकेची किल्ली जानव्याला बांधायचे, आंघोळ त्यासकट, पोहणं त्यासकट. ज्यांना जानवं नाही ते करदोट्याला. एवढं सोपं होतं.

बंदरावरचा_बंड्या
(चार दिवसांनी) मंडळी, अहवाल. डबा मिळाला, बिस्किटांचा जुना, चाचणीत पास. पातं काढलं. मग कळलं की दाराला किल्लीचं भोक कुठे दिसतच नाही, हँडलच्या टोकाला रंगाची टोपी असते, ती पात्याच्याच टोकाने उचकटायची. उचकटली, तर आत कुंभारमाशीने मातीचं घर केलंय, पक्कं बांधकाम! शोरूममधून येऊन दोनच महिने झालेत गाडीला. टाचणीने तासभर कोरलं. आता पातं आत जातं पण फिरताना अडतं. खोबरेल सोडू का दोन थेंब?

सर्किट_दुरुस्ती
खोबरेल अजिबात नको! थंडीत थिजेल आणि धूळ धरेल. पेन्सिलचं शिसं पात्यावर दोन्ही बाजूंनी घास, दहा वेळा आत-बाहेर कर.

बंदरावरचा_बंड्या
फिरलं!!! पोराची कंपासपेटी कामाला आली. रविवारी भरती सकाळी आहे, जाऊन येतो. करदोटा मात्र बाजारात माझ्या मापाचा मिळाला नाही, दुकानदार म्हणाला बारशाचेच आहेत.

खाडीपलीकडची
दोन जोडा.